सहीच्या आधी वाचायचे पान: आमच्या मुलाची व्यावसायिक बेसबॉलमधली चार वर्षे

२०२५ च्या ऑगस्टअखेरीस आमचा मुलगा वयाच्या बाविसाव्या वर्षी विद्यापीठाच्या पहिल्या सत्राला बसला. त्याआधीची जवळजवळ चार वर्षे तो पगारी बेसबॉलपटू होता. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉल लीगच्या, एका क्लबशी त्याचा करार होता आणि त्या क्लबच्या खालच्या संघांतून तो पिचर म्हणून, म्हणजे चेंडू टाकणारा म्हणून, खेळला. मेजर लीगच्या मैदानापर्यंत तो पोहोचला नाही. या चार वर्षांतला करार, कर, शस्त्रक्रिया, विमा आणि शेवटी महाविद्यालयाचे पैसे यांची सगळी कागदपत्रे मी सांभाळली. गेल्या उन्हाळ्यात न्यू जर्सी आणि टेक्सासमधल्या तीन मराठी कुटुंबांनी फोन करून करार आणि शिक्षण यांविषयी मला जे प्रश्न विचारले, तेच २०२१ मध्ये आम्हाला पडले होते आणि तेव्हा आमच्या ओळखीत त्यांची उत्तरे कोणाकडेच नव्हती. म्हणून जे घडले ते क्रमाने लिहून ठेवते आहे. क्लबचे आणि विद्यापीठाचे नाव मुद्दाम लिहीत नाही.

मुलाचा जन्म न्यू जर्सीतला. आठव्या वर्षी तो गावच्या लिटल लीगमध्ये खेळू लागला आणि बाराव्या वर्षापासून गावोगाव फिरून खेळणाऱ्या संघात गेला. या फिरत्या संघांची फी वर्षाला साडेतीन ते चार हजार डॉलर होती. हॉटेल, पेट्रोल, बॅट आणि ग्लोव्ह यांचा खर्च वेगळा. रविवारची मराठी शाळा याच काळात सुटली, याचे मला आजही वाईट वाटते. खर्चाबद्दल एकच सांगते: स्काउटना, म्हणजे क्लबांसाठी आणि महाविद्यालयांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांना, दाखवण्यासाठी भरवल्या जाणाऱ्या ‘शोकेस’ना आम्ही पहिली दोन वर्षे सरसकट पैसे भरले, ते वाया गेले. ज्या महाविद्यालयांत मुलाला रस आहे त्यांचे प्रशिक्षक प्रत्यक्ष येणार असतील, तेवढ्याच ठिकाणी जावे.

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये त्याने दक्षिणेकडच्या एका राज्यातल्या विद्यापीठाशी लेखी बांधिलकी केली. त्यांनी शिष्यवृत्ती देऊ केली ती ४० टक्के खर्चाची. अनेकांना वाटते की अमेरिकेत खेळाडूचे शिक्षण फुकट होते. बेसबॉलमध्ये तसे नव्हते. त्या वेळच्या नियमाप्रमाणे पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयाच्या संपूर्ण संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्या असत आणि त्या जास्तीत जास्त २७ खेळाडूंत वाटल्या जात. (२०२५-२६ च्या शैक्षणिक वर्षापासून हा नियम बदलला आहे, तेव्हा आता हा प्रश्न असलेल्यांनी नवा नियम पाहावा.) त्यात करोनामुळे २०२० चा ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची प्रक्रिया, फक्त ५ फेऱ्यांचा झाला होता, महाविद्यालयीन खेळाडूंना एक जादा वर्ष मिळाले होते, आणि त्यामुळे सगळेच संघ मोठ्या मुलांनी भरून गेले होते. नव्या मुलाला पहिली दोन वर्षे मैदान मिळेल का, याची खात्री प्रशिक्षकही देत नव्हते. पुढे आम्ही जो निर्णय घेतला, त्यामागे ही परिस्थितीही होती.

२०२१ च्या जानेवारीत पहिला स्काउट घरी आला. मार्चपर्यंत एकूण पाच क्लबांचे स्काउट येऊन गेले. त्यांच्या प्रश्नावल्या लांबलचक असतात: जुनी दुखापत, डोळ्यांचा नंबर, झोप, अभ्यास, आई-वडिलांची उंची. सगळ्यांचा खरा प्रश्न मात्र शेवटी येतो, तो म्हणजे किती रक्कम मिळाली तर मुलगा महाविद्यालय सोडून सही करेल. हा आकडा घरात आधी ठरवून ठेवावा, आणि मुलगा, वडील व आई या तिघांनी प्रत्येक क्लबला तोच सांगावा. आमच्याकडे पहिल्या स्काउटला मुलाने एक आणि माझ्या पतींनी दुसरा आकडा सांगितला; त्या क्लबचा पुन्हा फोन आला नाही. नंतर आम्ही एका सल्लागाराशी ४ टक्के मोबदला ठरवला. २०१६ पासून शालेय खेळाडूला ड्राफ्टच्या वाटाघाटींसाठी प्रतिनिधी नेमता येतो, पण महाविद्यालयीन पात्रतेच्या अटी बारीक असतात. म्हणून आम्ही त्यांच्याकडून सगळे लेखी घेतले.

आकडा ठरला तो १,२५,००० डॉलर, शिवाय महाविद्यालयाचा पूर्ण खर्च. हा आकडा हवेतला नव्हता. पहिल्या दहा फेऱ्यांसाठी प्रत्येक क्लबला बोनसची, म्हणजे सहीबद्दल मिळणाऱ्या रकमेची, एकूण मर्यादा असते; त्यानंतरच्या फेऱ्यांत एका खेळाडूला १,२५,००० डॉलरपर्यंत दिले, तर ती रक्कम त्या मर्यादेत धरली जात नसे. (२०२३ पासून ही रक्कम १,५०,००० झाली.) म्हणजे अकराव्या ते विसाव्या फेरीतल्या शालेय खेळाडूसाठी क्लब एवढे सहज देऊ शकतो आणि याहून जास्त द्यायला कचरतो.

ड्राफ्ट २०२१ मध्ये ११ ते १३ जुलैला डेन्व्हर इथे झाला. पहिल्या दिवशीचा सोहळा टीव्हीवर असतो, सूट घातलेली मुले मंचावर जातात. त्या वर्षी पहिला आला तो पिट्सबर्गने घेतलेला कॅचर, म्हणजे पिचरचा चेंडू झेलणारा, हेन्री डेव्हिस. त्याचा बोनस ६५ लाख डॉलरचा होता. आमचा दिवस तिसरा. अकराव्या ते विसाव्या फेरीची नावे फोनवरून एकामागून एक वाचली जात होती आणि ती ऐकत घरात बसायचे होते. चौदावी फेरी सुरू होण्याच्या सुमारास सल्लागारांचा फोन आला. एक क्लब तयार आहे, रक्कम हीच, शिक्षणाचे पैसेही ‘पूर्ण’ देणार, होकार आहे का, एवढेच त्यांनी विचारले. उत्तर द्यायला अर्धे मिनिटही नव्हते. मुलाने आमच्याकडे पाहिले, आम्ही मान हलवली, आणि काही मिनिटांत त्याचे नाव आणि आमच्या गावाचे नाव स्पीकरवर ऐकू आले. सासूबाई नाशिकहून व्हिडिओ कॉलवर होत्या. तिथे रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. सगळे रडत-हसत असताना त्यांनी मला विचारले, “अगं, पण कॉलेजचं काय?” त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांचा प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे त्याचे लेखी उत्तर नव्हते.

१७ जुलैला कराराचा मसुदा आला. मूळ करार मायनर लीगच्या, म्हणजे क्लबच्या खालच्या संघांतल्या, सगळ्या खेळाडूंना सारखाच असतो आणि त्यात बदल करण्यासारखे फारसे काही नसते. अठराव्या वर्षी सही करणारा खेळाडू सात हंगामांसाठी त्या क्लबचा होतो. क्लब मात्र त्याला कोणत्याही दिवशी सोडून देऊ शकतो. वाटाघाट होते ती सोबतच्या पुरवणीवर. त्या पुरवणीत बोनस लिहिलेला असतो, आणि महाविद्यालयाच्या खर्चाचे कलमही. खेळणे संपल्यावर खेळाडूने शिक्षण घेतले, तर क्लब किती सत्रांचे, प्रत्येक सत्राला किती डॉलर देईल, हे त्यात आकड्याने लिहिलेले असते. फोनवर ‘पूर्ण’ म्हटलेली रक्कम मसुद्यात एका सत्राला १२,५०० डॉलर होती. आमच्या मुलाने जिथे प्रवेश घेतला होता, तिथे बाहेरच्या राज्यातल्या विद्यार्थ्याला शिकण्याची फी, राहणे, जेवण आणि पुस्तके मिळून एका सत्राला बावीस हजारांच्या आसपास खर्च येत होता.

सल्लागार म्हणाले की बहुतेक कुटुंबे हा आकडा पाहतही नाहीत, कारण प्रत्येकाला वाटते की आपला मुलगा वरपर्यंत जाणारच. मी विद्यापीठाच्या खर्चाचे अधिकृत पत्रक जोडले, दर वर्षी फी किती वाढली आहे तेही दाखवले, आणि पाच दिवस आम्ही त्याच एका ओळीवर थांबलो. मुलगा अस्वस्थ होता. एवढ्याशा गोष्टीवरून क्लब माघार घेईल अशी भीती त्याला वाटत होती. शेवटी ठरले ते आठ सत्रे, प्रत्येकी २०,००० डॉलर, म्हणजे एकूण १,६०,०००. त्यात शिकण्याच्या फीबरोबर राहणे, जेवण आणि पुस्तकेही. ही रक्कम बोनसपेक्षा मोठी आहे, हे आकडे खाली लिहून पाहिल्यावर माझ्या लक्षात आले. हा आकडा महागाईप्रमाणे वाढत नाही, म्हणून आजच्या फीवर न थांबता चार-पाच वर्षांनंतरची फी डोळ्यांसमोर ठेवून तो मागावा. दुसरी अट वेळेची आहे: खेळणे संपल्यापासून दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू केले नाही, तर हक्क जातो.

२२ आणि २३ जुलैला फ्लोरिडात वैद्यकीय तपासणी झाली. पिचरच्या खांद्याचे आणि कोपराचे एमआरआय काढतात. याच दिवसांत कुमार रॉकरची बातमी सगळीकडे चालू होती. आईकडून भारतीय वंशाचा असलेला हा पिचर न्यूयॉर्क मेट्सने दहाव्या क्रमांकावर निवडला होता, ६० लाख डॉलरवर बोलणीही झाली होती, पण तपासणीनंतर क्लबने करार केला नाही आणि १ ऑगस्टची मुदत तशीच निघून गेली. (पुढच्या वर्षी टेक्सास रेंजर्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो मेजर लीगमध्ये खेळला.) तपासणीचा निकाल येईपर्यंत महाविद्यालयाला काहीही कळवायचे नाही, असे आम्ही ठरवले होते आणि ते योग्य ठरले. २४ जुलैला सही झाली. सही केल्यावर महाविद्यालयीन बेसबॉल खेळता येणार नाही, हे त्याला तीनदा समजावून सांगितले होते. तरी विद्यापीठाच्या प्रशिक्षकांना फोन करताना त्याचा आवाज कापत होता.

बोनस दोन हप्त्यांत आला, सप्टेंबरमध्ये आणि जानेवारीत. केंद्र सरकारचा कर २२ टक्क्यांनी आधीच कापला जातो, सामाजिक सुरक्षेची कपात होते, राज्याचा कर वेगळा, आणि सल्लागारांचे पाच हजार. सगळे जाऊन हातात अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास राहिले. सल्लागारांची फी करातून वजा होईल असे आम्ही धरले होते. २०१८ पासून ती सवलत केंद्रीय करात नाही. एक हप्ता जानेवारीत घेतल्यामुळे उत्पन्न दोन वर्षांत विभागले गेले, त्याचा उपयोग झाला. हे पैसे त्याच्या नावावर ठेवले आणि त्यातून फक्त एक जुनी गाडी घेतली.

फ्लोरिडातल्या क्लबच्या केंद्रावर त्याला हॉटेलात दोघांच्या खोलीत ठेवले. खालच्या पातळीचा पगार तेव्हा आठवड्याला ४०० डॉलर होता आणि तोही फक्त हंगाम चालू असताना. मार्च २०२२ चे वसंतातले सराव शिबिर तर बिनपगारी झाले; जेवणभत्ता तेवढा मिळे. त्या हिवाळ्यात मेजर लीगच्या मालकांनी टाळेबंदी केली होती, पण मेजर लीगचा करार नसलेल्या आमच्या मुलासारख्यांना ती लागू नव्हती, त्यामुळे वरचे खेळाडू बाहेर आणि ही मुले मैदानावर असे दृश्य होते. त्याच्या खोलीत डॉमिनिकन रिपब्लिकचा एक मुलगा होता. त्या देशातली मुले सोळाव्या वर्षी करार करतात, घरी पैसे पाठवतात आणि इंग्रजी इथे येऊन शिकतात. मी पाठवलेल्या छोट्या कुकरमध्ये हे दोघे एक दिवस मुगाची खिचडी आणि एक दिवस त्याच्याकडचा राजमा-भात करत. आमचा मुलगा स्पॅनिश शिकला. बेसबॉलने त्याला दिलेल्या गोष्टींत ही मला फार मोलाची वाटते.

जून २०२२ मध्ये फ्लोरिडाच्या कॉम्प्लेक्स लीगचे, म्हणजे क्लबांच्या सराव केंद्रांवरच्या सर्वांत खालच्या लीगचे, सामने सुरू झाले. हे सामने भर दुपारी, तिकिटाशिवाय, जवळजवळ रिकाम्या मैदानावर होतात. पाहायला स्काउट, जखमी खेळाडू आणि एखाद-दुसरे आई-वडील. २१ जुलैला त्याचा फोन आला. एका चेंडूनंतर कोपराच्या आत काहीतरी सुटल्यासारखे झाले होते. एमआरआयमध्ये कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटलेला दिसला. या दुखापतीवरच्या शस्त्रक्रियेला टॉमी जॉन या पिचरचे नाव आहे. २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या मनगटातला स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसवला, तेव्हा यशाची आशा शंभरात एक होती. तो १९७६ मध्ये परतला आणि कारकिर्दीतल्या २८८ विजयांपैकी १६४ त्याने त्यानंतर मिळवले. मुलाच्या मनगटात तो स्नायुबंध आहे का, हे डॉक्टरांनी अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट वाकवायला सांगून पाहिले. काहींना तो जन्मतःच नसतो. त्याला होता.

क्लबच्या डॉक्टरांचे मत आल्यावर आम्ही दुसऱ्या तज्ज्ञाचे मत मागितले आणि ते घेऊ दिले गेले. संकोच न करता मागावे. शस्त्रक्रिया १६ ऑगस्टला झाली. कामावर झालेली दुखापत म्हणून तिचा खर्च क्लबच्या कामगार-भरपाई विम्यातून गेला, मात्र माझ्या पतींचे तिथे जाणे-राहणे धरून आमचे २,९०० डॉलर लागले. प्रत्येक पत्रावर दाव्याचा क्रमांक असतो, तो पहिल्या दिवशी लिहून ठेवावा. एमआरआयची प्रत आणि शस्त्रक्रियेचा अहवाल तेव्हाच मागून घ्यावा. नंतर मागितला तर महिने जातात.

त्यानंतरचे वीस महिने मला या सगळ्या प्रवासातले सर्वांत कठीण वाटतात. आधी हात पट्ट्यात, मग बोटांनी मऊ गोळा दाबणे, पाचव्या महिन्यात पंचेचाळीस फुटांवरून हलके फेकणे, दहाव्या महिन्यात माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, उभे राहणे. मध्ये दोनदा सूज आली आणि दोनदा महिनाभर मागे जावे लागले. सोबतची मुले वर जात होती, काही सोडली जात होती, आणि हा रोज सकाळी साडेसहाला त्याच खोलीत तेच व्यायाम करत होता. संध्याकाळी मी फोन केला की तो पाच शब्दांत उत्तर देई. याच काळात मी बेसबॉलविषयी विचारणे बंद केले आणि घरातल्या गोष्टी सांगू लागले. त्याने कम्युनिटी कॉलेजचा संख्याशास्त्राचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम स्वतःच्या पैशांनी केला, फी सहाशे डॉलर. त्याच्या प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी आणि वळण यंत्रावर नोंदले जात होते. ते आकडे काय सांगतात हे त्याला स्वतःला वाचायचे होते.

एक बदल मात्र त्याच्या डोळ्यांदेखत झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये मायनर लीगचे खेळाडू मेजर लीगच्या खेळाडू-संघटनेत आले. संमतीचा अर्ज त्याने हात पट्ट्यात असताना फोनवर भरला. ३१ मार्च २०२३ ला त्यांच्या इतिहासातला पहिला सामूहिक करार मंजूर झाला. सर्वांत खालच्या पातळीचा वार्षिक पगार ४,८०० वरून १९,८०० डॉलर झाला, तिच्या वरच्या लो-ए पातळीचा ११,००० वरून २६,२००, आणि शिबिराचे व हंगामाबाहेरच्या बहुतेक दिवसांचे पैसेही मिळू लागले. राहण्याची सोय क्लबने करण्याचा नियम २०२२ पासून आलाच होता. मेजर लीगचा किमान पगार त्या वर्षी ७,२०,००० डॉलर होता. वरच्या आणि खालच्या पायरीतले हे अंतर आई-वडिलांनी आधीच नीट पाहून घ्यावे, कारण बहुतेकांची कारकीर्द खालच्या पायऱ्यांवरच होते. तरीही एप्रिल २०२३ नंतर त्याने आमच्याकडून पैसे घेतले नाहीत, आणि त्याच्या बोलण्यातला ताण कमी झालेला मला जाणवला.

मे २०२४ मध्ये तो पुन्हा सामन्यात उतरला आणि १६ जुलैला त्याला फ्लोरिडा स्टेट लीगमधल्या लो-ए संघात पाठवले. ही पहिली पायरी जिथे तिकिटे असतात, दिवे असतात, माणसे असतात. मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सहा सामने, सोमवारी सुट्टी. ऑगस्टमध्ये आम्ही दोघे डेटोनाला गेलो. तिथल्या मैदानाला जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूचे नाव आहे. १७ मार्च १९४६ रोजी, मेजर लीगमध्ये येण्याच्या एक वर्ष आधी, तो याच मैदानावर गोऱ्या खेळाडूंच्या बरोबरीने सराव सामना खेळला होता आणि फाटकापाशी त्याचा पुतळा आहे. मुलगा सातव्या डावात आला. पाच बॅटर, त्यांतले तीन बाद त्याने स्ट्राइकआउट करून केले, एकही धाव दिली नाही. मी माझ्या पतींचा हात इतका घट्ट धरला होता की सामना संपेपर्यंत त्यांच्या बोटांवर वळ उठले. आयुष्यात त्याला मी एवढा शांत आणि आनंदी कधीही पाहिले नव्हते. चार वर्षांचे सगळे त्या वीस मिनिटांसाठी केले असे कोणी म्हटले, तर मी नाही म्हणणार नाही.

पण त्याच रात्री जेवताना तो म्हणाला, “आई, वेग परत आलेला नाही.” शस्त्रक्रियेआधी तो ताशी ९२-९३ मैलांनी टाकायचा, आता ९० वर अडकत होता. त्याला आकडे वाचता येत होते, त्यामुळे पुढे काय होणार हे आमच्याआधी त्याला कळले होते.

मार्च २०२५ च्या शिबिराला तो गेला तेव्हा क्लबच्या अमेरिकेतल्या खालच्या संघांत मिळून १६५ खेळाडू ठेवता येत होते. पूर्वी ही मर्यादा १८० होती. दरवर्षी ड्राफ्टमधून नवी मुले येतात, आणि जागा करण्यासाठी मार्चच्या अखेरीस नावे कापली जातात. २४ मार्चला सकाळी सव्वासातला त्याला ऑफिसात बोलावले. पाच मिनिटांत सांगून झाले, एका कागदावर सही, लॉकर रिकामा, संध्याकाळचे विमान. नेवार्कच्या विमानतळावर तो ग्लोव्ह हातात धरूनच बाहेर आला, बॅगेत ठेवला नव्हता. गाडीत कोणी काही बोलले नाही. घरी वरण-भात जेवून तो चौदा तास झोपला.

त्यानंतरचे तीन आठवडे फोनची वाट पाहण्यात गेले. मेजर लीगच्या कुठल्याही क्लबकडून तो आला नाही. फ्रंटियर लीग या स्वतंत्र लीगमधल्या एका संघाने जागा देऊ केली. त्याने आठ दिवस विचार केला, आमचे मत विचारले नाही आणि आम्हीही दिले नाही. नवव्या दिवशी सकाळी त्याने मला विचारले, “तुझ्या फाइलमध्ये ते कॉलेजचं पान आहे ना?”

पान होते. सोडल्याची तारीख २४ मार्च २०२५, म्हणजे शिक्षण सुरू करण्याची शेवटची तारीख २३ मार्च २०२७. २०२१ चा प्रवेश रद्द झाला होता, म्हणून नव्याने अर्ज केला: ७५ डॉलर फी, शाळेची गुणपत्रिका पुन्हा मागवणे, चार वर्षे काय केले याचा खुलासा. कम्युनिटी कॉलेजचे ३ क्रेडिट इथे कामी आले, कारण शाळा सुटल्यानंतरच्या अभ्यासाचा तेवढाच पुरावा होता. ११ जूनला संख्याशास्त्र विभागात प्रवेश मिळाला.

क्लबला पहिले पत्र एप्रिलच्या अखेरीस पाठवले होते. सहा आठवडे उत्तर नाही. जूनमध्ये उत्तर आले की त्यांच्या नोंदीत त्याच्या नावावर एका सत्राचे १२,५०० डॉलर आहेत. त्यांच्याकडे पहिला मसुदा राहिला होता आणि सही झालेली पुरवणी सापडत नव्हती. २०२१ मध्ये आमच्याशी बोलणारे अधिकारी तिथे उरले नव्हते. माझे हात थरथरत होते, पण फाइलमध्ये दोन्ही बाजूंच्या सह्यांची, तारखेची प्रत होती. तिचे स्कॅन, २४ जुलै २०२१ चा ईमेल आणि एक छोटे, सभ्य पत्र मी पाठवले आणि खेळाडू-संघटनेलाही प्रत दिली. १७ जुलैला चूक मान्य करणारे उत्तर आले. सही झालेल्या कराराची मूळ फाइल, सगळ्या पुरवण्यांसह, सहीच्याच दिवशी ईमेलवर मागून घ्यावी आणि एक छापील प्रत घरात ठेवावी, एवढे तरी या लेखातून कोणी करावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पैसे मिळण्याची पद्धत अशी: प्रत्येक सत्राआधी प्रवेशाचा दाखला आणि विद्यापीठाचे बिल क्लबला पाठवायचे; आमच्या बाबतीत क्लबने रक्कम थेट विद्यापीठाला भरली. आमच्या करसल्लागारांनी ही रक्कम मुलाच्या उत्पन्नात धरायला सांगितली आहे, म्हणून कराचे पैसे आम्ही वेगळे काढून ठेवतो आहोत. एका सत्राचा खर्च आता २४,६०० डॉलरवर गेला आहे. वरचे ४,६०० त्याच्या बोनसमधून जातात. वर्ग २५ ऑगस्टला सुरू झाले आणि बिलाची मुदत १५ ऑगस्टची होती. क्लबचे पैसे ४ सप्टेंबरला पोहोचले. मधल्या तीन आठवड्यांत विलंबशुल्क लागू नये म्हणून तिसरा पक्ष पैसे भरणार असल्याचे पत्र विद्यापीठाच्या लेखा विभागाला आधीच द्यावे लागते. हे मला तिथल्या एका कर्मचारी बाईंनी फोनवर सांगितले, नाहीतर दीडशे डॉलरचा दंड बसला असता.

तो आता वसतिगृहात अठरा वर्षांच्या मुलांबरोबर राहतो. शनिवारी सकाळी विद्यापीठाजवळच्या एका शाळेतल्या पिचरना तो फेकायला शिकवतो, त्याचे तासाला तीस डॉलर मिळतात. सासूबाईंनी परवा त्याला फोनवर विचारले की अभ्यास जमतो का, तो म्हणाला, “आजी, गणित जमतं, पण वर्गात सगळे मला सर समजतात.” दुसऱ्या सत्राचा दाखला आणि बिल क्लबला ५ डिसेंबरच्या आत पाठवायचे आहे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर त्या तारखेला मी लाल पेनाने गोल केला आहे.